सासरातला गुरू

कापसाची पऱ्हाटी पुन्हा फुटली आहे. धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, उभं राहिलं की सारं वावर पांढरं दिसतं. लोक म्हणतात यंदा बोंड चांगलं भरलं. भरलं असेल. मला त्या पांढऱ्याकडं पाहवत नाही, मी खाली मातीकडं पाहत चालतो.

पहाटे उठतो. अंगावर दुलई ओढून देवळीपुढं बसतो, दिवा लावतो आणि गुरूचा श्लोक म्हणायला लागतो. सगळ्या घरांत म्हणतात तोच. ब्रह्मा येतो, विष्णू येतो, महेश्वर येतो, आणि मग एक शब्द येतो. साक्षात. तिथं माझी गाडी रुतते. पुढचं सगळं पाठ आहे, पण तोंड उघडत नाही. दिवा जळत राहतो. पैनगंगेकडून धुकं येतं आणि दाराच्या फटीतून घरात शिरतं. आमच्या आदिलाबादची थंडी म्हाताऱ्याला गुडघ्यातून धरते आणि ऊन वर आल्याशिवाय सोडत नाही. तोवर मी तसाच बसलेला असतो, अर्ध्या श्लोकावर.

अनसूया जाऊन पौषात वर्ष होईल. माझी बायको. दुसरा वेचा चालू होता तेव्हा गेली. कमरेला बांधायच्या फडक्यात, तिच्या ओटीत, वेचलेला कापूस तसाच खुंटीला टांगलेला होता, पंधरा दिवसांनी कोणीतरी काढला.

हा श्लोक तिचा होता. मी कधी म्हणत नव्हतो. मी निजलेला असायचो. चूल पेटायच्या आधी ती देवळीपुढं बसायची आणि तिचा आवाज माझ्या झोपेत यायचा, जसा गोठ्यातला घंटीचा आवाज येतो तसा. आला की समजायचं, उजाडायला आलं, अजून घटकाभर पडून राहता येतं. पन्नास वर्षांवर मी त्या आवाजावर कूस बदलली. आवाज कसा होता विचाराल तर सांगता येणार नाही. बारीक होता. शेवटाकडं थोडा चढायचा. वात तेलात भिजली की तडतडते, त्या तडतडीत मिसळलेला.

वाती ती घरच्याच कापसाच्या करायची. पहिल्या वेच्यातला मूठ-दोन मूठ कापूस बाजूला काढायचा, सरकी बोटानं काढायची, आणि दुपारी भाकरीनंतर ओसरीत पाय पसरून मांडीवर वाती वळायच्या. कोणाला तो कापूस हात लावू द्यायची नाही. "हा गुरूचा हाय," म्हणायची.

गुरू कोण, ते तिला माझ्या मायनं शिकवलं होतं. माय म्हणजे माझी आई. कधीकाळी माहूरकडचे एक महाराज आमच्या गावात चातुर्मासाला राहिले होते, त्यांनी मायला हा श्लोक दिला. तेव्हापासून आमच्या घरात दिवा आणि श्लोक. अनसूया सून होऊन आली तेव्हा मायच्या तोंडात समोरचे दात नव्हते आणि गालात तंबाखू असायची. ज्या तोंडातून श्लोक बाहेर यायचा त्या तोंडात 'क्ष' कुठून यायचा. माय म्हणायची 'साऽसात'. नवी सून मागं बसून म्हणायची. तिला अक्षर येत नव्हतं, कानाला जसं आलं तसं तिनं घेतलं. अर्थ लागेल असा शब्द तिनं शोधला आणि तिला सापडला.

ती म्हणायची, 'सासरात'.

गुरू सासरात परब्रह्म.

लग्नाच्या पहिल्याच हिवाळ्यात तिनं मला विचारलं होतं. मी विहिरीवर बैल धूत होतो, ती घागर घेऊन आली. खाली पाहून म्हणाली, "एक इचारू का? सासरातला गुरू म्हंजे कोन वो? आत्याबाई का तुमी?"

मी म्हटलं, "मी. आनं मी घरी नसलो का माय."

तिनं मान डोलावली. घागर भरली आणि गेली. थट्टा म्हणून बोललो असं आज लिहिता आलं असतं तर बरं झालं असतं. पण मी थट्टा केली नव्हती. मला बरं वाटलं होतं. अठरा-एकोणीस वर्षांचा पोट्टा मी, गावात मला कोणी भाऊ म्हणत नव्हतं, आणि एक माणूस रोज पहाटे हात जोडून मला परब्रह्म म्हणणार होतं.

तेव्हापासून तिनं उलट शब्द केला नाही. लोक मला म्हणायचे, बायको चांगली भेटली गड्या, तोंड नाही तिला. मी मिशीवर हात फिरवायचो.

एक हंगाम सांगतो. असाच कापूस फुटलेला. तिचा भाऊ किनवटकडून बैलगाडी घेऊन आला. तिची आई अंथरुणाला लागली होती, लेकीला पाहायचं म्हणत होती. भाऊ ओसरीत बसला, पाणी घेतलं, गूळ तसाच ठेवला. माय दारात उभी राहून म्हणाली, "वेचा झाल्याबिगर सून वावर सोडत नाई. झाला का धाडतो."

भावानं माझ्याकडं पाहिलं. मी बैलाच्या शिंगाकडं पाहिलं. मग त्यानं तिच्याकडं पाहिलं. मला वाटलं आता ही काही बोलेल. ती म्हणाली, "तू जाय दादा. मी येतो नंतर."

आठव्या दिवशी तिची आई गेल्याचा सांगावा आला. ती वावरात होती. तिनं ऐकलं, ओटी सोडली नाही, वेचत होती त्या ओळीचा तास पुरा केला आणि मग धुऱ्यावर येऊन बसली. दुसऱ्या दिवशी पहाटे देवळीपुढं बसली तेव्हा तो एक शब्द तिनं असा जोरानं म्हटला की मी जागा झालो. मला वाटलं, आता हिला घर समजलं. हे मी तेव्हा खरंच मनात म्हटलं. लिहायची लाज वाटते, पण आता लाजून कोणासाठी ठेवायचं.

हातही उचलला. दोन-चारदा. एकदा तुतारीनं, जिच्यानं बैल हाकतो तिच्यानं, कारण ढेपेचं पोतं पावसात राहिलं होतं. पाठीवर वळ उठला. दुसऱ्या दिवशी पहाटे तोच श्लोक, तोच शब्द, तसेच हात जोडलेले. मी दुलईतून पाहिलं आणि कूस बदलली.

माय शेवटी तीन वर्षं खाटेवर होती. तिचं सगळं अनसूयेनं केलं. भाकर दुधात कुस्करून भरवली, पाठीला तेल लावलं, फडकी धुतली. माय चिडून तिच्या हाताला चावायची, दात नव्हते म्हणून लागायचं नाही. शेजारच्या बायका म्हणायच्या, पोटच्या पोरीनं केलं नसतं. अनसूया म्हणायची, "मले तं रोज सांगून ठेवलं हाय ना." बायकांना वाटायचं सासूनं सांगून ठेवलं. ती श्लोकाबद्दल बोलत होती हे गावात मला एकट्याला समजत होतं.

आता मागच्या हंगामाचं.

मुलगा दिनकर बेल्लमपल्लीला असतो, नोकरीला. त्याची पोरगी स्वरा चार वर्षांची झाली, तर तिचा अक्षराभ्यास बासरला करायचा ठरलं. आमच्याकडं पोराला पहिलं अक्षर सरस्वतीपुढं गिरवायला नेतात, तेलुगू असो की मराठी. कार्तिकातले दिवस होते, पहिला वेचा होऊन गेला होता. अनसूयेनं नवं लुगडं काढलं. बसमध्ये ती सारा रस्ता स्वराला मांडीवर घेऊन बसली. भैंसा गाव गेल्यावर गोदावरी कधी दिसते म्हणून दोघी खिडकीला नाक लावून.

देवळात ओळीनं बसवलं होतं सगळ्यांना. प्रत्येक पोरापुढं पाटी, हळदीचे तांदूळ. पंतुलू, म्हणजे पूजा सांगणारे भटजी, म्हातारे होते, चष्म्याला सुतळी बांधलेली. ते एक-एक तुकडा सांगायचे आणि आई-बाप, आजी-आजोबा, सगळ्यांनी मागून म्हणायचं. गुरूचा श्लोक आला. अनसूया सावरून बसली. हे तर तिचं रोजचंच. ब्रह्मा झाला, विष्णू झाला. मग तो तुकडा आला. सगळे 'क्ष'ला जरा अडखळले, आणि त्या अडखळण्यात तिचा आवाज एकटाच मोकळा निघाला. बारीक, चढलेला.

"सासरात."

पंतुलू थांबले. तेलुगूत म्हणाले, अम्मा, पुन्हा म्हणा. तिला वाटलं त्यांना आवडलं. तिनं पुन्हा म्हटलं. पंतुलूंना मराठी येत नव्हतं, पण आमच्या मागच्या ओळीत नांदेडकडची माणसं होती. त्यांच्यातली एक बाई म्हणाली, "बाई, सासरात कुठला आलाय परब्रह्म? तिथं तर सासू बसलेली असते."

ओळच्या ओळ हसली. दिनकर हसला, सून पदर तोंडाला लावून हसली. सगळ्यांत जोरानं कोण हसलं, तर मी.

पंतुलू हसले नाहीत. ते तिच्यापुढं येऊन बसले. "साक्षात्, अम्मा," म्हणाले. "सा. क्षा. त्." आणि तिनं त्यांच्यामागं तीनदा म्हटलं, पाटीपुढं बसलेल्या पोरासारखं, त्यांच्या ओठांकडं पाहत. स्वरानं त्याच वेळी पहिलं अक्षर काढलं. कोणाचं तिकडं लक्ष नव्हतं.

परतीच्या बसमध्ये दिवस कलला होता. स्वरा तिच्या मांडीवर निजली होती. ती खिडकीबाहेर पाहत होती. मला वाटलं थकली. मग म्हणाली, "त्याच्यात सासर नाई का वो?"

"नाई."

"कुठीच नाई?"

"नाई वो. दुसराच शब्द हाय तो."

"काय अर्थ होते त्याचा?"

"मले काय माहीत. संस्कृत हाय."

तिनं स्वराच्या केसांतला हळदीचा तांदूळ काढला, खिडकीतून टाकला. भैंसा गेलं. मग माझ्याकडं न पाहता विचारलं, "तुमाले ठाऊक होतं का?"

मी म्हटलं, "मले काय ठाऊक राहीन? मी का पंतुलू आहो?"

तेव्हा तिनं पाहिलं. "तुमी तं शाळेत गेलते," म्हणाली. एवढंच.

मला ठाऊक होतं.

आमच्या गावच्या मराठी शाळेत मी चौथीपर्यंत होतो. धड्याआधी प्रार्थना व्हायची आणि प्रार्थनेत हाच श्लोक. आमचे गुरुजी उच्चाराला कडक. 'साछात' म्हणणाऱ्याच्या बोटांच्या पेरांवर पट्टी उभी मारायचे. मी सात दिवस मार खाल्ला, आठव्या दिवशी 'क्षा' जमला. तो शब्द मला डोक्यात नाही, पेरांत पाठ आहे. अनसूयेनं पहिल्याच सकाळी 'सासरात' म्हटलं तेव्हा माझ्या पेरांना कळलं होतं. एका शब्दाचं काम होतं. दुलईतून तोंड बाहेर काढून म्हणायचं, अगं, असं नाही, असं. मी म्हटलं नाही. पहिल्या दिवशी आळसानं म्हटलं नाही. विहिरीवरच्या त्या दिवसानंतर आळस नव्हता.

बासरहून आलो त्याच्या दुसऱ्या दिवशी पहाटे मी आपोआप जागा झालो. काडी ओढल्याचा आवाज आला. दिवा लागला. मी वाट पाहिली. काही आलं नाही. ती देवळीपुढं हात जोडून बसली, उठली, चुलीकडं गेली. तोंडातून शब्द नाही.

असं रोज. दिवा रोज, वात रोज, आवाज नाही. मला झोप लागेना. पन्नास वर्षांची सवय, अंग त्या आवाजाशिवाय कूस बदलायला तयार नव्हतं. मी अंधारातच डोळे उघडून पडायचो आणि ऐकायचो. गोठ्यातला बैल, वर कौलांवर दव टपकलेलं, तिच्या बांगड्या. बाकी काही नाही. शेवटी एक दिवस मी म्हटलं, "आजकाल म्हनत नाई?"

ती वात सारखी करत होती. म्हणाली, "कोनता म्हनू? जुना का नवा?"

त्या प्रश्नात राग नव्हता. तिला खरंच विचारायचं होतं. तिथं मला सांगता आलं असतं. घरात आम्ही दोघंच, दिवा लागलेला. मी उठलो आणि बैलांना कडबा टाकायला गेलो. एवढ्या पहाटे बैलही उभे राहिले नव्हते.

सुनेनं बासरची गोष्ट गावातल्या कोणाला तरी फोनवर सांगितली आणि ती वेचणीच्या बायकांपर्यंत आली. वावरात बायका तासातासानं वेचत असतात, आपापली ओळ धरून, आणि तोंड हातापेक्षा जास्त चालतं. मी धुऱ्यावर तुरीच्या आड बसलो होतो, त्यांना दिसत नव्हतो.

शांताबाई म्हणून एक आहे, जिभेला हाड नसलेली. ती म्हणाली, "काऊन वो अनसूबाई, तुमचा सासरातला देव काय म्हन्ते?"

अनसूयेचे हात थांबले नाहीत. बोंडातून कापूस ओढत म्हणाली, "निजून हाय. भाकर भेटली का जागा होते."

बायका एवढ्या हसल्या की एकीची ओटी सुटली. "आनं प्रसन्न कवा होते?" दुसरीनं विचारलं.

"होत नाई माय. पन्नास वर्सं झाले, म्या तं नाई पाह्यला."

पुन्हा हसणं. ती स्वतःही हसली. तिला असं हसताना मी लग्नानंतर ऐकलं नव्हतं. घरात तर नाहीच. तुरीच्या शेंगा माझ्या कानाला घासत होत्या आणि मी तिथंच बसून राहिलो, चोरासारखा, माझ्याच वावरात. वाईट कशाचं वाटलं तेही तेव्हा कळलं नाही. आता कळतं. ती एवढी बोलकी होती. तिच्याजवळ एवढं बोलणं होतं आणि ते सगळं तिनं गिळून ठेवलं होतं, एका चुकीच्या शब्दाखाली.

त्या हंगामात तिनं वाती मात्र फार वळल्या. रोज दुपारी. दरवर्षी मूठ-दोन मूठ कापूस काढायची, मागच्या वर्षी टोपलंभर काढला. मी म्हटलं, "एवढ्या काय करतं?" म्हणाली, "असू द्या. हात रिकामा राहत नाई." तुपाचा जुना पत्र्याचा डबा होता, तो भरला, वर दाबून झाकण लावलं.

मार्गशीर्षात दव फार पडतं. सकाळी कापूस ओला असतो, वेचू नये म्हणतात, पण मजूर मिळत नाही तेव्हा घरच्या माणसानं जायचं. ती लुगडं कमरेपर्यंत भिजवून यायची. खोकला लागला. मग छातीत कफ भरला. आदिलाबादला दवाखान्यात नेलं तोवर श्वास वर वर चालला होता. नाकाला नळी लावली. दिनकर आला, सून आली. चार दिवस होती.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी एकटाच जवळ होतो. तिनं बोटानं खुणावलं. मी कान जवळ नेला.

"दिवा लावत जा," म्हणाली. "वाती डब्ब्यात हायेत."

मी म्हटलं, "लावतो."

थोडा दम घेतला. मी काहीतरी बोलायचं म्हणून बोललो, "पन म्हनू काय? मले नीट येत नाई."

तिनं डोळे उघडले. रागानं नाही, असंच, जसं भाकर झाली की नाही ते पाहावं तसं माझ्याकडं पाहिलं.

"येते तुमाले," म्हणाली. "तुमाले पयलेपासून येते."

मी मान डोलावली. विहिरीवर तिनं डोलावली होती तशीच. तोंडातून शब्द काढला नाही. नर्सबाई आल्या, मला बाहेर जायला सांगितलं आणि मी लगेच गेलो. सुटल्यासारखा गेलो. दुसऱ्या दिवशी ती गेली.

आता यंदाची थंडी. वाघमारे सर सकाळी माझ्याकडं शेकायला येतात. आमच्या मराठी शाळेतून निवृत्त झालेले, बौद्ध घरचे. त्यांच्या घरी सकाळी त्यांची वंदना होते, ती आटोपून मग येतात. ते या श्लोकाबिकाला मानत नाहीत आणि मी त्यांच्यापुढं कधी बोललो नव्हतो. पण एक दिवस तुराट्या पेटल्या आणि मी सगळं सांगून टाकलं. विहीर, तुतारी, बस, दवाखाना. सर ऐकत राहिले. मधे एकदाही 'अरेरे' म्हणाले नाहीत, ते बरं केलं.

मी म्हटलं, "सर, तिनं आयकलंच चुकीचं. मी तं काई शिकवलं नवतं."

सर म्हणाले, "भाऊ, मी तीस-बत्तीस वर्सं वह्या तपासल्या. चूक दिसली का तिच्याभवती लाल गोल कराचा, एवढंच काम मास्तरचं. तुमाले चूक दिसली आनं तुमी तिच्यावर खाट टाकून निजले."

मी तुराटी आत सारली.

"आनं गुरू म्हनून घेतलं वरून," सर म्हणाले.

थोड्या वेळानं मी विचारलं, "त्या शब्दाचा अर्थ काय होते?"

"साक्षात? डोळ्यापुढं असलेलं. समोर दिसून राह्यलेलं." मग त्यांनी घोंगडी झटकली आणि गेले. दुसऱ्या दिवशी पुन्हा आले. त्याबद्दल काही बोलले नाहीत, मीही नाही. पण आले.

मी विचार करतो, तिनं रोज कोणाला नमस्कार केला असेल. मला का? मी तर दुलईत घोरत होतो. मायला का? माय जाऊन किती वर्षं झाली. की तिला सगळं कधीच समजलं होतं आणि तरी ती म्हणत होती, कारण पहाटे उठून एक तरी गोष्ट स्वतःच्या तोंडानं म्हणायची म्हणून? मला माहीत नाही. विचारायला पन्नास वर्षं होती. लोक सांगतात गुरू अंधार घालवतो. मी तर तिचा अंधार सांभाळून ठेवला, माझ्या कामाचा होता म्हणून. आणि देवळीतला देव, तो महाराज, तो मूळचा गुरू, त्यानंही काही केलं नाही. रोज चुकीचा शब्द ऐकून घेतला. त्याच्यावरही माझा राग आहे. पण त्याच्यावर रागावलं की माझं ओझं कमी होत नाही, हेही पाहून झालं.

परवा दिनकरचा फोन आला. वर्षश्राद्धाचं बोलला, कोणाकोणाला सांगायचं, भजनाची मंडळी कोणती. मग म्हणाला, "बाबा, भजनानंतर मी आईबद्दल चार शब्द बोलीन म्हन्तो. ते बासरचं सांगतो, सासरात वालं. लोकाले आवडते. आईचा भोळेपना दिसते त्याच्यात."

मागं स्वरा श्लोक म्हणत होती. तिला शाळेत शिकवला आहे, तेलुगू चालीवर, टाळ्या वाजवत. 'क्षा' एकदम स्वच्छ. पाच वर्षांच्या पोरीला जमतो.

मी म्हटलं, "सांग. पन सांगतं तं पुरी सांग."

"पुरी म्हंजे?"

"तिले चूक कोनं सांगितली नाई, थेबी सांग."

"कोनाले ठाऊक होतं बाबा? आजीले दात नवते."

"मले होतं."

स्वराच्या टाळ्या तेवढ्या ऐकू येत होत्या. मग म्हणाला, "शाळेपासून?"

"हो."

"आनं आईनं इचारलं तवा?"

"नाई म्हनलो."

मग 'ठेवतो' म्हणाला आणि ठेवला. तेव्हापासून फोन नाही. करेल, नाही तर नाही. श्राद्धाला येईलच, आईचं आहे. माझ्याशी बोलेल की नाही ते मला सांगता येत नाही.

आज पहाटे डबा उघडला तर तळाशी एकही वात नव्हती. कालची शेवटची होती, हे काल माझ्या लक्षात आलं नाही. मी हात घालून चाचपत राहिलो, पत्रा गार लागत होता. मग बाहेर गेलो. पहिल्या वेच्याचा ढीग ओसरीत झाकून ठेवला आहे, त्यातून मूठभर काढला. सरकी काढली. तिची बोटं कशी चालायची ते आठवून पाहिलं, आठवलं नाही, मी कधी पाहिलंच नव्हतं. मांडीवर वळली. एका टोकाला बोटाएवढी जाड, दुसऱ्या टोकाला दोरा. लावली. धूर झाला, मग तडतडली, मग जळायला लागली.

बसलो. सुरू केलं. ब्रह्मा झाला, विष्णू झाला, महेश्वर झाला. तो शब्द आला. साक्षात म्हणायला पेरं तयार होती. सासरात म्हणायचा मला हक्क नाही. मी थांबलो, रोजच्यासारखा. आणि मग त्या जागी, मोठ्यानं, बसमध्ये म्हणायला पाहिजे होतं ते म्हटलं.

"ठाऊक होतं, अनसू."

मग पुढचं म्हटलं. शेवटपर्यंत. उद्याही असंच म्हणणार आहे.